मास्तरांची चावी

लाइट येईपर्यंत सांगतो. पण मध्येच कुणी पाणी प्यायला उठायचं नाही. आणि ही कुठून तरी कानावर आलेली गोष्ट नाही बरं का, माझ्या सख्ख्या भाच्याच्या बाबतीत घडलेली आहे. त्याने स्वतः मला सांगितली.

काम तसं किरकोळ होतं. नोव्हेंबरातला दुसरा मंगळवार. ऑफिस सुटल्यावर मास्तरांच्या घरी जायचं आणि ऑफिसचा लॅपटॉप परत आणायचा. बस्स.

मास्तर म्हणजे त्याच्या ऑफिसातले सगळ्यांत जुने गृहस्थ. शाळेतले नव्हेत, नव्या माणसाला हाताला धरून शिकवायचे, म्हणून मास्तर. त्यांच्या कंपनीचा प्रोग्राम रक्तपेढ्यांसाठी होता. कुठल्या पेढीत कुठल्या गटाचं रक्त शिल्लक आहे, ते दवाखान्यांना बसल्या जागी दिसायचं. त्यात काही बदल केला की प्रोग्राम नव्याने बांधून क्लाउडवर चढवायचा. क्लाउड म्हणजे ढगबिग काही नाही रे, दूर कुठेतरी भाड्याने घेतलेली मशीनं. हे चढवायचं काम मास्तर स्वतःच्या हाताने करायचे, रात्री, घरून. रात्री वर्दळ कमी असते ना. ऑगस्टच्या अखेरीस असंच काम करता करता ते खुर्चीतच गेले. सकाळी त्यांच्या पत्नी, भाचा त्यांना वहिनी म्हणतो, चहा घेऊन खोलीत गेल्या, तेव्हा स्क्रीन अजून चालू होती.

मग ते काम भाच्याच्या गळ्यात पडलं. त्याने विचार केला, रोज कोण जागत बसणार? म्हणून बिल्ड टूलला एक प्लगिन जोडलं. बिल्ड टूल प्रोग्रामचं गाठोडं बांधतं, आणि प्लगिन ते उचलून आपलं आपण क्लाउडवर नेऊन ठेवतं. सेटिंगच्या फाइलमध्ये चार गोष्टी भरायच्या असतात. प्रोजेक्टचं नाव, कुठलं मशीन, कितवी आवृत्ती, आणि चावी. ही चावी म्हणजेसुद्धा एक छोटीशी फाइलच. ती ज्याच्या नावाची, त्याने काम केलं अशी नोंद पडते. नवी चावी मिळायला आठवडा जाणार होता.

"मास्तरांची चालतेय ना अजून?" साहेब म्हणाले. "तीच लाव. नंतर बदलू."

भाच्याने लावली. आणि ते 'नंतर' नंतरच राहिलं.

प्लगिन झकास चाललं. कुणीही काही बदल केला की आपोआप बांधणी, आपोआप चढवणी. दिवसाला बारा-पंधरा खेपा. शिवाय रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी एक ठरलेली. प्रत्येक खेपेच्या नोंदीत शेवटी एकच ओळ... काम करणारा : मास्तर. ऑफिसात पोरं हसायची. "मास्तर गेले, पण सुट्टी काही मिळाली नाही त्यांना!" भाचाही हसायचा. हसला होता, असं त्याने मला खाली मान घालून सांगितलं.

तर त्या मंगळवारी साडेआठला तो मास्तरांच्या घरी पोचला. दोन खोल्या, स्वयंपाकघर, आणि मागच्या बाजूला मास्तरांची कामाची खोली. पुढच्या खोलीत मास्तरांची म्हातारी आई पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडलेली. वहिनींनी लॅपटॉप आणून दिला. चार्जरची वायर नीट गुंडाळून वर रबर लावलेलं. भाचा उठायला लागला, तशा त्या म्हणाल्या, "भाऊजी, एक विचारू? राग नाही ना यायचा?"

"विचारा ना, वहिनी."

"तुम्ही लोक त्यांना अजून कामाला लावता का हो?"

भाच्याला वाटलं, बाईंच्या डोक्यावर परिणाम झालाय. तो समजावणीच्या सुरात काहीतरी बोलायला गेला. वहिनींनी थांबवलं.

"मी वेडी नाही. त्या खोलीतून की-बोर्डचा आवाज येतो. लॅपटॉप कपाटात बंद, चार्जर वेगळा, तरी येतो. मी दार उघडलं की थांबतो. आधी वाटलं, उंदीर असेल. मग मी वेळा लिहायला लागले."

त्यांनी भिंतीवरचं कॅलेंडर काढून उलटं केलं. पाठीमागे बारीक अक्षरात आकडेच आकडे. सकाळी नऊ सत्तावीस. अकरा पाच. अकरा बावन्न. आणि प्रत्येक तारखेपुढे, न चुकता, दोन दहा.

भाच्याने खिशातून मोबाइल काढला. ऑफिसची नोंदवही उघडली. आजची तारीख. नऊ सत्तावीस. अकरा पाच. अकरा बावन्न...

काल. परवा. गेल्या आठवड्यातला शुक्रवार.

एकही आकडा चुकला नव्हता.

"स्वप्नात येतात," वहिनी म्हणाल्या. "खुर्चीत बसलेले असतात. म्हणतात, मला उठू देत नाहीत गं."

भाच्याने तिथूनच साहेबांना फोन लावला. खरं कारण काय सांगणार, कपाळ? म्हणाला, "सर, मास्तरांची चावी आजच्या आज काढतो."

"वेड लागलंय का तुला? उद्या सकाळी रक्तसाठ्याची नवी यादी याच चावीने जायचीय दवाखान्यांना. नवी चावी आल्याशिवाय हात लावू नकोस. कळलं?" फोन बंद.

तो निघालाच होता. चपला घातल्या होत्या. वहिनी दारात उभ्या राहून म्हणाल्या, "आज थांबा, भाऊजी. एकदा तुमच्या कानांनी ऐका. आई आहेत सोबत. मग मला वेडी म्हणा."

तो थांबला.

बारा वाजले. एक वाजला. मागच्या खोलीचं दार उघडंच ठेवलं होतं, दिवा लावलेला. टेबल, खुर्ची, बंद खिडकी, दुसरं काही नाही. टेबलावर तर कागदाचा कपटाही नव्हता. भाचा दाराबाहेर स्टुलावर बसला होता, मास्तरांचा लॅपटॉप पिशवीत घालून पायाशी, स्वतःचा मांडीवर. वहिनी भिंतीला टेकून.

दोन वाजून नऊ मिनिटं.

पुढच्या खोलीतून म्हातारीचा आवाज आला, अगदी सहज, झोपेतल्यासारखा. "बसला का तो कामाला?"

वहिनींनी घड्याळाकडे पाहिलं.

दोन दहा. भाच्याचा मोबाइल हातात थरथरला. बांधणी सुरू.

आणि...

टक्.

टक्. टक् टक्.

टेबलावर काहीच नव्हतं. आवाज टेबलावरूनच येत होता. आधी सावकाश. मग भराभर. मास्तर असेच टाइप करायचे... दोन बोटांनी, आणि ओळ संपली की एक जोराची. टक् टक् टक्... टाक्. भाचा त्यांच्या शेजारी बसून तीन वर्षं हा आवाज ऐकत आला होता. "मामा, दुसऱ्या कुणाचा असता, तर मी पळालो असतो," तो मला म्हणाला. हा ओळखीचा होता, म्हणून पाय हलले नाहीत.

खुर्ची करकरली.

कुणीतरी श्वास घेतला. थकलेल्या माणसाचा. लांब.

भाच्याने लॅपटॉप उघडला. प्लगिनची फाइल काढली, चावीची ओळ पुसली. तेवढ्याने भागणार नव्हतं. क्लाउडवर जाऊन चावीच रद्द करायला हवी होती. ती सापडली. 'नक्की रद्द करायची?' असा प्रश्न आला.

खोलीतला आवाज थांबला.

पूर्ण शांत. त्या शांततेत भाच्याला वाटलं... कुणीतरी खुर्चीतून मान वळवून त्याच्याकडे बघतंय. वाट बघतंय.

वहिनी उठल्या. दारापर्यंत गेल्या. आत पाऊल टाकलं नाही.

"उठा आता," त्या म्हणाल्या. "पुरे झालं."

भाच्याने बटण दाबलं. दोन वाजून एकोणीस मिनिटं झाली होती.

खुर्ची मागे सरकली. टेबलापासून वीतभर. दोघांनीही पाहिली.

मग काही नाही. वहिनी खाली बसून रडल्या, किती तरी वेळ. म्हातारी सकाळी नऊपर्यंत झोपली. एवढी ती ऑगस्टनंतर कधीच झोपली नव्हती म्हणे.

ऑफिसात मात्र भाच्याची शोभा झाली. सकाळची यादी गेली नाही. चार तास दवाखान्यांना आदल्या दिवशीचे आकडे दिसत राहिले. नशीब, कुणाचं काही बरंवाईट झालं नाही. साहेबांनी त्याला सगळ्यांसमोर झापला, वर लेखी ताकीद. "का केलंस?" या प्रश्नावर त्याने 'चूक झाली' एवढंच सांगितलं. आठ दिवस सगळं काम त्याने हाताने केलं. त्या घरात पुन्हा आवाज आला नाही. वहिनींनी कॅलेंडर फाडून टाकलं.

नवव्या दिवशी नवी चावी आली. त्याच्याच नावाची. त्याने प्लगिनच्या फाइलमध्ये ती भरली आणि पहिली खेप सुखरूप गेली. काम करणाऱ्याच्या जागी त्याचं नाव. साहेबांनी पाठ थोपटली. भाचाही दोन रात्री शांत झोपला.

तिसऱ्या दिवशी तो क्लाउडवरच्या जुन्या आवृत्त्या साफ करत होता. एकेक पुसत त्या मंगळवारच्या रात्रीपर्यंत आला. दोन दहाची अर्धवट खेप होती, ती पुसली. तिच्यानंतर आणखी एक होती.

वेळ : दोन एकतीस.

चावी रद्द झाल्यावर बारा मिनिटांनी. तेव्हा प्लगिनकडे कुठलीच चावी नव्हती. काम करणाऱ्याची जागा कोरी.

त्याने ते गाठोडं उघडलं. आत प्रोग्राम नव्हता. एकच फाइल होती... फाइलमध्ये एकच ओळ.

"तुझी चावी लावू नकोस."