परक्या गल्लीतला प्रसाद

जाफराबादमध्ये मला सगळे गुरुजी म्हणून ओळखतात. आयुष्यभर पहिली-दुसरीची मुलं शिकवली. पोरांना भुताची भीती घालून झोपवणाऱ्या मोठ्या माणसांवर मी कायम चिडत आलो.

म्हणून हे लिहिताना हात अडखळतो.

पण जे झालं ते माझ्या डोळ्यांदेखत झालं. पदरचा एक शब्दही यात घातलेला नाही.

रात्र होती गेल्या हिवाळ्यातल्या संकष्टी चतुर्थीची. आणि गाव... बँकॉक.

माझा पुतण्या रामप्रसाद. त्याचे आईवडील लवकर गेले, त्याला मीच वाढवला. जाफराबादला त्याचं कृषी सेवा केंद्र आहे. त्या वर्षी कपाशीचं बियाणं भरपूर खपलं, म्हणून कंपनीने जिल्ह्यातल्या दुकानदारांना बँकॉकला फिरायला नेलं. प्रत्येकासोबत घरचं एक माणूस. त्याची बायको वंदना म्हणाली, "लेकराला टाकून मी इमानात बसणार न्हाई. नाना, तुम्हीच जा."

निघताना ती ओट्यावर उभी होती. कडेवर तृप्ती, त्यांची मुलगी. त्याच वर्षी पहिलीत गेलेली.

"नाना, ह्यांना जसं नेताय तसं घरी आणून सोडा," वंदना म्हणाली.

मी हो म्हणालो.

जाफराबादहून मुंबई रात्रीच्या बसने. मग रात्रीचं विमान. उतरल्यावर हॉटेलात पिशव्या टाकल्या आणि लगेच फिरायला. झोप अशी नाहीच. त्यात रामप्रसादचा चतुर्थीचा उपवास. तृप्ती झाल्यापासून त्याने एकही चतुर्थी सोडली नव्हती. गावी असला की राजूरच्या गणपतीला जायचा आणि चंद्र बघूनच तोंडात घास घालायचा.

संध्याकाळी आमच्यातलाच एक दुकानदार, भोकरदनचा कडूबा शेठ, सगळ्यांना एका बाजाराच्या रस्त्यावर घेऊन गेला. गमत्या माणूस.

"गुरुजी, आज रातची शाळा भरली! हजेरी मी घेतो. डोळे मिटणाऱ्याला छडी!"

डोळे कसले मिटतात. लाल-निळे दिवे. छातीत धडधडणारं गाणं. दारादारांत उभ्या राहून बोलावणाऱ्या पोरी. कढईत तळलेले किडे. माणसांचा असा लोंढा की राजूरची अंगारकी बरी. रामप्रसादला त्या तेलाच्या वासाने चक्कर येऊ लागली.

"नाना, माझ्यानं उभं राहवत न्हाई. चला हॉटेलवर."

"एकटे जाताय? हरवाल बरं का!" कडूबा हसला. "मंग वंदनाबाईला मी काय तोंड दाखवू?"

त्याचं हसणं मला अजून ऐकू येतं.

टॅक्सीवाल्याला हॉटेलचं कार्ड दाखवलं. त्याने आम्हाला एका मोठ्या रस्त्यावर उतरवलं, समोर बोट केलं आणि निघून गेला. समोर हॉटेल नव्हतं. रामप्रसादच्या मोबाईलची बॅटरी तृप्तीला व्हिडिओवर हत्ती दाखवण्यात संपली होती. माझा फोन तिथे चालत नव्हता.

आम्ही चालत राहिलो. या वळणावर असेल, त्या वळणावर असेल.

मुलांना मी शिकवायचो, रस्ता चुकला तर जिथे आहात तिथेच थांबा. शोधणारा माणूस तिथे येतो.

इथे शोधायला कोण येणार होतं?

मग एक गल्ली लागली.

आणि गाणं थांबलं.

हळूहळू मागे पडलं असं नाही. कुणी दार लावून घ्यावं तसं... एकदम. गाड्या नाहीत. कुत्रं नाही. सगळी शटरं बंद. आमच्या चपलांचासुद्धा आवाज येईना.

दोन उंच इमारतींच्या फटीतून चंद्र दिसला. रामप्रसादने हात जोडले.

"नाना, चंद्र निंघाला. आता काहीबी खायला भेटू दे बाप्पा."

तेव्हा ते दिसलं.

एका खांबावर ठेवलेलं छोटं घर. आपल्या तुळशीवृंदावनाएवढं. वर कौलारू छप्पर, पुढे बोटभर पायऱ्या. छपराला झेंडूची माळ, अगदी आपल्यासारखी. आत एका म्हाताऱ्याची बाहुली. पुढे ताटलीत केळी आणि लाल सरबताची बाटली. बाटलीत नळी घातलेली.

"बाप्पानंच धाडलं!" तो म्हणाला.

"थांब. हे कोणाचं, काय, ते माहीत नाही. कुणाला तरी विचारू."

"नाना, प्रसादाला कुणाला इचारायचं असतंय का? न्हाई म्हणायचं नसतंय त्याला. तुम्हीच शिकविलं."

शाळेत गणपती बसायचा तेव्हा मी खरंच तसं सांगायचो.

त्याने नमस्कार केला. केळी खाल्ली. मग बाटली उचलून नळी तोंडाला लावली.

सुर्र... सुर्र...

बाटली रिकामी झाली. त्याने ती खाली ठेवली.

आवाज मात्र थांबला नाही.

सुर्र... सुर्र...

त्या छोट्या घराच्या आतून.

मी त्याचा दंड धरला आणि ओढत नेला. गल्लीचा कोपरा वळलो आणि समोर आमचं हॉटेल. तेच दार, तीच पाटी. त्याच जागेवरून आम्ही आधी गेलो होतो, याची मला शंभर टक्के खात्री आहे.

रामप्रसाद दारासमोरून सरळ पुढे गेला.

मी त्याला मागे ओढलं. वर खोलीत नेलं. पलंगावर बसवून त्याच्या चपला काढल्या.

त्याने दमलेल्या डोळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"नाना... हॉटेल किती लांब हाये अजून?"

सकाळी मी आमच्या गाइडला सगळं सांगितलं. तिथलाच माणूस, हिंदी चांगलं बोलायचा. त्याचा चेहरा उतरला.

"गुरुजी, यहाँ घर बनाते हैं तो ज़मीन के मालिक को पहले छोटा घर देते हैं. रोज़ खाना रखते हैं. ताकि वो बड़े घर में ना आए."

म्हणजे आपल्या शेतातल्या म्हसोबासारखं. राखणदार.

"आणि त्याचं खाणं कुणी खाल्लं तर?" मी विचारलं.

तो मला घेऊन त्या गल्लीकडे निघाला. गल्लीच्या तोंडाशी थांबला, आत आला नाही. मी एकटा गेलो. खांब होता. घर होतं. माळ होती.

बाहुली नव्हती.

"जल्दी चलिए," गाइड लांबून म्हणाला.

चार दिवसांनी जाफराबादला जीपमधून उतरलो. तृप्ती ओट्यावर उभी राहून उड्या मारत होती. "बाबा! बाबा!"

रामप्रसाद तिच्याकडे बघून ओळखीचं हसला. आणि तो पुढे चालत गेला. घरावरून पुढे. शेजाऱ्याच्या घरावरून पुढे. गल्लीच्या टोकाला जाऊन उभा राहिला आणि इकडे-तिकडे बघू लागला.

लोक हसले. कडूबाने फोनवर सगळ्यांना सांगितलं, "रामप्रसादची बँकॉक अजून उतरली न्हाई!"

दुसऱ्या दिवशी कुणी हसलं नाही.

मी त्याचा हात धरून दारापर्यंत आणायचो. उंबऱ्याशी आलो की हातातला हात निसटायचा आणि तो पुढे निघालेला असायचा. रात्रंदिवस गल्ल्या तुडवायचा. टाचा फुटल्या. अंग वाळून गेलं. एकदा ओट्यासमोर थांबला, वंदनाला हात जोडले आणि विचारलं,

"ताई, इथं रामप्रसादचं घर कुठं हाये? जाफराबादचा. लेकरू वाट बघून राह्यलंय त्याचं."

वंदना मला म्हणाली, "नाना, ह्यांना डॉक्टरकडं न्या."

जालन्याच्या डॉक्टरांनी सगळे फोटो काढले. डोक्यात काहीच दोष नाही म्हणाले. राजूरला नेला. गणपतीच्या पुढ्यात उभं केलं. तो मूर्तीकडे बघत माझ्या कानात म्हणाला, "नाना, राजूर यायला अजून किती येळ?"

मग मी माझी जुनी पद्धत वापरली. पहिलीच्या मुलांना मी पाटीवर शाळेपासून घरापर्यंतचा रस्ता काढायला लावायचो. वाटेतलं झाड, हापसा, गिरणी. त्याला पाटी दिली. "काढ बाळा, सावकाश काढ. चुकलं तर पुसू."

लहानपणी काढायचा तशीच जीभ बाहेर काढून त्याने रस्ता काढला. वळणं. आणखी वळणं. शेवटी एक खांब. खांबावर छोटंसं घर.

आणि त्या घरात एक माणूस.

"हा कोण?" मी विचारलं.

"मीच की, नाना."

त्या रात्री वंदना माझ्याकडे आली. पदर दातांत धरलेला.

"नाना, ते गल्लीत हिंडून राह्यलेत ना?"

"हो. आत्ताच दिसला मला."

"मंग... माझ्या शेजारी कोण झोपतंय?"

मी तिच्यामागे गेलो. आतल्या खोलीत अंधार. झेंडूचा ओला वास. बिछान्यावर कुणी नव्हतं. उशीला मात्र डोक्याचा खड्डा. माठाकडून आवाज आला.

सुर्र... सुर्र...

मी वंदनाला म्हणालो, "लेकराला घेऊन माझ्या घरी चल." ती आली नाही. म्हणाली, "ते घर शोधून राह्यलेत. दाराला कुलूप दिसलं तर?"

बापाला घरात येता येत नाही, एवढं तृप्तीला कळलं होतं. तिने आपल्यापुरता मार्ग काढला. रोज शाळेतून आली की ओट्यावर ताट ठेवायची. भाकरी, केळं, पेल्यात लाल सरबत. पेल्यात नळी.

नळी घाल, असं तिला कुणी सांगितलं नव्हतं. मी विचारलंसुद्धा.

रामप्रसाद यायचा. ताटापुढे वाकायचा, खायचा. मग आपल्याच घराला हात जोडून नमस्कार करायचा आणि पुढे जायचा.

तृप्ती खिडकीतून बघत राहायची.

होळीच्या आधी एका संध्याकाळी तो आला नाही. ताट भरलेलं राहिलं, सकाळी मात्र ते रिकामं होतं. सगळीकडे शोधलं, पोलिसात कळवलं. आमच्या बसस्टँडवरचा एक जीपवाला म्हणाला, फाटक्या पायांचा एक माणूस त्याच्या जीपसमोर आला होता. जाफराबादला सोडता का, म्हणून रडत होता.

"म्या म्हणलं, बाबा, हेच जाफराबाद. तर म्हणला, गरिबाची थट्टा करू नका."

त्यानंतर कुणालाही तो दिसलेला नाही.

वंदना आता रडत नाही. तिघांचा स्वयंपाक करते. दोन ताटं आतल्या खोलीत नेते, रिकामी बाहेर आणते. माझ्याशी बोलताना माझ्या खांद्यावरून मागे बघते.

मी रोज ओट्यावर बसतो. आतून रामप्रसादच्या आवाजात हाक येते.

"नाना, भाईर काय बसले? या ना जेवायला."

आवाज अगदी त्याचाच आहे. मी आत जात नाही.

हे सगळं मी कुणाला सांगणार नव्हतो. पण काल संध्याकाळी शाळा सुटली.

तृप्ती गल्लीत आली. पाठीवर दप्तर, वेणीची रिबीन सुटलेली. मला बघून हसली.

आणि घरासमोरून सरळ पुढे गेली.

मी धावलो. या वयात धावलो. कोपऱ्यावर तिला पकडलं, गुडघ्यावर बसलो. चिडायचं नाही, हळूच विचारायचं, हेच आयुष्यभर केलं.

"तृप्ते, बाबा आले नाहीत त्या दिवशीचं ताट... ते कुत्र्याने खाल्लं ना गं?"

तिने मान हलवली.

"म्या खाल्लं, नाना. वाया गेलं असतं. अन्न टाकायचं नसतंय... तुम्हीच शिकविलं."

मी तिचं दप्तर माझ्या खांद्यावर घेतलं. तिने माझ्या मागे, आपल्या घराकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"नाना, लई दमले मी. आमचं घर कुठंय?"

आज हे मी उजव्या हाताने लिहितो आहे. डाव्या हातात तिचा हात आहे. आम्ही तिच्याच घराच्या ओट्यावर बसलो आहोत. थोड्या थोड्या वेळाने ती विचारते, मी बोट दाखवतो, ती तिकडे बघते आणि पुन्हा विचारते.

आतून वंदना कुणाशी तरी हसून बोलते आहे.

मला झोप येते आहे. रात्रभर डोळा लागलेला नाही.

तिचा हात अजून माझ्या हातात आहे. मघापेक्षा... थोडा सैल.