तीन ठोके म्हणजे बंद

"सूनबाईलेच बसव क्लचवर. तिले काही माहीत नाही, म्हणजे तिले ऐकूही येणार नाही."

हे माझ्या सासऱ्यांनी, मनोहररावांनी, माझ्या नवऱ्याच्या, साहिलच्या, कानात सांगितलं. त्यांना स्वतःला कमी ऐकू येतं, त्यामुळे त्यांची कुजबुज स्वयंपाकघरापर्यंत पोचते. मी पन्ह्यात गूळ विरघळवत होते. लग्नाला अडीच महिने झाले होते आणि या घराबद्दल मला जे काही कळलं होतं ते असंच, पातेलं ढवळता ढवळता.

मे महिन्यातला रविवार, दुपारचे दोन. या वेळेला कोराडी रोडवरचे कोळशाचे ट्रकसुद्धा सावली बघून थांबलेले असतात. सासूबाई आत कूलरसमोर झोपल्या होत्या. घरामागच्या टिनाच्या शेडमध्ये आमची मिनीबस उभी होती. सोमवारी पहाटे पाचला तिला मौद्याच्या प्लांटच्या शिफ्टचे कामगार न्यायचे होते, आणि इंजिन नि गिअरबॉक्स जिथे एकमेकांना जोडलेले असतात, नेमकं तिथून काहीतरी ठोकत होतं.

साहिलने तीनदा गिअरबॉक्स उतरवला होता. क्लचप्लेट नवी, बेअरिंग नवं, फ्लायव्हील घासून आणलेलं. चार दिवस गाडी गप्प राहायची, पाचव्या दिवशी पुन्हा ठक. जेवताना हातातला घास हातातच ठेवून तो पेंगायचा. मी त्याला हलवायची. नवी नवरी म्हणून मला एवढंच काम होतं.

"सोपं आहे," मला ड्रायव्हरच्या सीटवर बसवून तो म्हणाला. "क्लच दाबल्यावर आवाज गेला, तर दोष गिअरबॉक्सकडचा. दाबूनही राहिला, तर इंजिनकडचा. खाली मले तुझं बोलणं ऐकू येत नाही, तुले माझं येणार नाही. म्हणून मी पान्याने ठोकतो. एक ठोका म्हणजे दाब. दोन म्हणजे सोड. तीन म्हणजे बंद कर, काही विचार न करता."

"आणि चार?"

"चार म्हणजे चहा आण."

त्या आठवड्यातला त्याचा हा पहिला विनोद. मी हसले, पण तोवर तो वाकला होता. त्याने चारही चाकांना मागून-पुढून विटा लावल्या, एक पोतं अंथरलं आणि पाठीवर सरकत आत गेला. बाबा, म्हणजे सासरे, शेडच्या तोंडाशी लोखंडी खाटेवर बसले, डोक्यावर ओला दुपट्टा घेऊन.

मी चाबी फिरवली.

डिझेलचा वास आला. तापलेल्या रेक्झिनचा आला. आणि त्याखाली आणखी एक जळका वास, करपलेल्या केसांसारखा. मग तो आवाज. कानाला तो फारसा येत नव्हता, तळपायाला येत होता. पेडलमधून वर चढत होता, दाराबाहेर कोणी बराच वेळ दार ठोकत उभं असावं आणि आता हात दुखायला लागला असावा, तसा.

एक ठोका आला. मी क्लच दाबला. आवाज तसाच.

दोन ठोके आले. सोडला. तसाच.

मग तीन. मी गाडी बंद केली.

साहिल घामाने भिजून बाहेर आला. "काहून बंद केली वं?"

"तीन ठोके दिले ना तुम्ही."

"दोन दिले. मग पाना बाजूले ठेवला होता मी, टॉर्च धरून पाहून राहिलो होतो..."

आम्ही दोघांनी एकदमच बाबांकडे बघितलं. ते आमच्याकडे बघत नव्हते. त्यांचं बोट खाटेच्या पाइपवर पडत होतं. तीनदा. मग थांबून पुन्हा तीनदा.

तेव्हा मला कळलं, की माझा पाय अजून क्लचवर आहे, गाडी बंद आहे, आणि माझ्या तळव्याला तेच लागतंय. तीन. थांबून तीन. बाबांच्या बोटाबरोबर.

"बंद गाडीत कसा काय..."

"गरम लोखंड आकसते," साहिल म्हणाला. इतक्या थकलेल्या आवाजात म्हणाला, की मलाही ते मानून टाकावंसं वाटलं. पण आकसणारं लोखंड मोजून थांबत नाही.

"तुमच्या आधी गाडीखाली कोण झोपायचं?" मी हळूच विचारलं.

तो पायरीवर टेकला. पुसलेले हात पुन्हा पुसत राहिला.

"कवडूकाका. बाबाचा लहान भाऊ."

"ते तर अटॅकने गेले म्हणून सांगितलं होतं..."

"लग्न जमवताना काय सांगतात मग? याच गाडीखाली गेले. दोन वर्षं झाली. मी घरी नव्हतो. बाबा क्लच दाबून बसले होते, गाडी गिअरमध्ये होती. बाबा म्हणतात दोन ठोके आले म्हणून पाय उचलला. गाडीनं उडी घेतली. पण भिंतीपलीकडची मीराबाई म्हणते, तीन होते."

खाट करकरली. बाबा उठून आमच्याकडे येत होते.

"उतर, बाई. मी बसतो. साहिल, त्या विटा काढ. पहिल्या गिअरात टाकतो. गाडी जराशी सरकू दिल्याशिवाय हा आवाज पकडात येत नाही."

"राहू द्या ना बाबा आज."

"उद्या पाचले काय सांगशीन प्लांटवाल्यायले? बेअरिंगच आहे ते. आज मी दाखवूनच देतो तुले."

ते चिडले नव्हते. दोन वर्षं एकच प्रश्न रोज कोणीतरी विचारत असावं आणि आज एकदाचं उत्तर देऊन झोपायचं असावं, असा तो आवाज होता. वाद घालायलाही अंगात काही उरावं लागतं. साहिल वाकला आणि त्याने पहिली वीट ओढली. मग दुसरी.

मी चाबी काढून घेऊन उतरले. खाली बघायचं नाही असं ठरवलं होतं, म्हणूनच बहुधा बघितलं.

पोत्यावर साहिलच्या पाठीचा ओला ठसा होता. त्या उन्हात तो कडेने सुकायलाही लागला होता. त्याच्या शेजारी, नुसत्या सिमेंटवर, आणखी एका पाठीचा ठसा होता. साहिलपेक्षा रुंद, एक खांदा जरा उतरलेला. तो सुकत नव्हता. मी बघत होते तसा तो गडद होत होता, कोणी आत्ताच अंग टेकल्यासारखा. साहिलचा पाना त्या ठशाच्या हाताशी पडला होता.

शेडमध्ये ठक झालं. एक... दोन... तीन.

बाबांनी ऐकलं. त्यांच्या डोळ्यांत मला ते दिसलं. तरी त्यांनी एक पाय पायरीवर ठेवला आणि चाबीसाठी माझ्यापुढे हात केला. साहिल गुडघे टेकून, मान गाडीखाली घालून तयार. चाकांना एकही वीट नव्हती.

चाबी माझ्या मुठीत होती, चटका बसेल इतकी गरम. या घरात तोवरचं माझं सगळ्यात लांब वाक्य "अजून थोडा भात वाढू का?" हे होतं. मी साहिलची कॉलर धरून त्याला मागे ओढलं आणि दोघांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाले,

"चाबी मी देणार नाही, बाबा. तीन ठोके पडून राहिले अजून. आधी काकांना बाहेर येऊ द्या."