सांगून जा, तामाती

चिखलाची बादली घेऊन शिक्षिका रिपेका बालवाडीच्या कोपऱ्यावरून वळली आणि थेट तामातीवरच आदळली. त्याच्या खांद्यावर थैली, बूट हातात — आणि चेहरा चोरी पकडल्यासारखा.

“श्श!” तो पुटपुटला. “रमलीये ती वाळूत. तेवढ्यात सटकतो.”

“न सांगता?”

न्यूझीलंडच्या दक्षिण टोकाला, ब्लफच्या बंदरावरून बोचरं वारं येत होतं, त्यात भुरभुर पाऊस. खाली धक्क्यावर मासेमारीची बोट निघायच्या तयारीत होती. आज वेळेवर पोहोचला नाही, तर तामातीची जागा दुसऱ्याला जाणार होती. हे रिपेकाला ठाऊक होतं. आणि हेही ठाऊक होतं, की त्याची बहीण कामासाठी ऑस्ट्रेलियाला गेली ती आपली लेक हुईया झोपेत असताना. तेव्हापासून पोर मामाला सोडत नव्हती. म्हणून तर तो रोज सकाळी इथल्या इवल्याशा खुर्चीत गुडघे हनुवटीला लावून बसायचा, पोरांसाठी सफरचंदं चिरायचा आणि चोरून रिपेकाकडे बघायचा. तिलाही ते आवडायचं, उगाच कशाला लपवा!

“सांगितलं तर रडेल गं.”

“रडू दे. पण वळून बघितलं आणि तू नाहीस... तर पुन्हा कुणावर विश्वास ठेवेल ती?”

“तुमचं आपलं सगळं मुलांच्या कलाने!” तामाती चिडला. “तिच्या कलाने घेत बसलो, तर जन्मभर त्या खुर्चीतून उठायला नको.”

नकोच उठूस... रिपेकाच्या अगदी ओठांवर आलं होतं. तिला स्वतःचाच राग आला.

“सांगून जा, तामाती.”

तो गेला. वाळूत गुडघे टेकून बसला. “हुईया, मी बोटीवर चाललोय.”

हुईयाने किंकाळी फोडली आणि त्याच्या मांडीला घट्ट मिठी मारली. दुसऱ्या कुठल्या बालवाडीतली बाई असती तर तिने ती मिठी सोडवली असती, नाहीतर पाखरू दाखवून पोरीला फसवलं असतं. या बालवाडीत दोन्ही बंद. मुलाने हात सोडायचा तो आपल्या मनाने. रिपेका नुसती जवळ जाऊन ओल्या वाळूत बसली.

“राग आलाय ना तुला? खूप?”

हुईयाने हुंदके देत मान हलवली. धक्क्यावर भोंगा वाजला. तामाती पांढराफटक पडला.

“कधी येणार?” हुईयाने विचारलं.

“लवकर—”

“असं नको,” रिपेका म्हणाली. “तिला समजेल असं सांग. आणि खरं सांग.”

“आजी दोनदा चर्चला जाऊन येईल. दुसऱ्यांदा आली, की त्या रात्री जेवायला मी.”

“आणि वादळ आलं तर?” रिपेकाने विचारलं.

तामाती समुद्राकडे बघत म्हणाला, “तर उशीर होईल. पण आजीला कळवीन. आणि येईन.”

मग हुईयाने मिठी सैल केली, त्याच्या पँटला नाक पुसलं आणि उठली.

“चल. मीच ढकलते तुला.”

मागून दोन्ही हातांनी रेटत तिने मामाला फाटकापर्यंत नेलं, बाहेर काढलं. आता त्याने पळत सुटायला हवं होतं. पण तो मागोमाग आलेल्या रिपेकाकडे बघत तिथेच उभा राहिला.

“जिंकलीस बाई,” तो म्हणाला. “खूश?”

“नाही.” ती म्हणाली. “मघापासून मनात म्हणत होते... पोरीने तुला सोडू नये.”

“रिपेका—”

“मी शिक्षिका आहे आणि असं म्हणत होते! हस आता.”

तो हसला नाही. फाटकावरून वाकून त्याने माओरी रीतीने आपलं कपाळ आणि नाक तिच्या कपाळाला, नाकाला टेकवलं. रीतीपुरतं टेकवतात, त्याहून कितीतरी जास्त वेळ. त्याचा श्वास तिला गालावर जाणवत होता.

“आल्यावर पहिल्यांदा तुझ्याकडे येईन,” तो हळूच म्हणाला. “मग घर, जेवण, सगळं.”

पुन्हा भोंगा वाजला.

“जात का नाहीये हा?” हुईया वैतागली. “रिपेका, आता तू ढकल!”

रिपेकाने दोन्ही हात त्याच्या छातीवर ठेवले. ढकलायला मात्र तिला जरा वेळच लागला.