दुसऱ्या जामीनदाराची सही

लोणावळ्याच्या बँकेत कर्जाच्या टेबलावरच्या पवननं माझा कर्जाचा अर्ज परत सरकवला, तेव्हा मी त्याच्याकडे रागानंच पाहिलं.

"पगाराची स्लिप नाही, सिबिल नाही... बँक कागदावर चालते, यशोधरा मॅडम."

"आणि माणूस?"

त्यानं पुढची फाइल ओढली. पण मी बाहेर पडले, तर पावसात भिजत मागे धावत आला — माझी विसरलेली छत्री घेऊन!

"सोमाटण्याच्या पतसंस्थेत विचारा ना," तो धापा टाकत म्हणाला. डोळे मात्र चांगले होते मेल्याचे.

मला जुना पिकअप घ्यायचा होता. तिकोणा पेठेतले गुलाब मी भाड्याच्या टेम्पोनं मार्केटला न्यायचे आणि निम्मी कमाई भाड्यातच जायची. मी हट्टालाच पेटले होते. पतसंस्थेत शेअर घेतला की आपणही मालक, लहानमोठ्या सगळ्यांना एकच मत. कर्जाला फक्त दोन सभासद जामीन हवेत. शेजारची विठामावशी तयार झाली. दुसरं कोणी मिळेना. पोरगी गाडी चालवणार म्हटल्यावर सगळे काढता पाय घ्यायचे.

आणि एका रविवारी, अर्जावरचा पत्ता शोधत, पवन दारात. "तुम्हाला दुसरा जामीनदार मिळत नाही, असं पतसंस्थेत कळलं. मी सभासद झालोय. जामीन राहतो."

"बँकेचे साहेब, पतसंस्थेत?"

"तिथे नोकर आहे. इथे तुमच्याबरोबर मालक..."

त्यानंतर तो दर रविवारी यायचा. मला शनिवारपासूनच करमायचं नाही.

कर्ज समितीपुढे चेअरमन कोंडाजीआबांनी चष्म्यावरून विचारलं, "जामीनदार पोरीचा कोन?"

"अजून... कोणी नाही," पवन म्हणाला.

"अजून म्हंजी?"

त्याचे कान लाल झाले. "लग्नाचं विचारणार होतो, आबा."

मावशीनं तोंडाला पदर लावला. मला तर नाचावंसं वाटलं! पण आबांनी पेनाला टोपण लावलं.

"मग तुमचा जामीन चालत न्हाई. येका घरातली दोघं नकोत, नेम हाय आपला."

"मी शब्द मागे घेतो —"

"खबरदार!" मी ओरडले. "आबा, हप्ते तीन वर्षांचे ना? मी दीड वर्षात फेडते. तोवर आम्ही दोन घरांतले. लिहून घ्या."

आबा पवनकडे वळले. "थांबाल?"

"थांबेन. पण तिचा एखादा हप्ता चुकला, तर मी भरतो. लग्नाला उशीर नको..."

आबा हसले. टोपण निघालं.

"हप्ते मीच भरणार," मी म्हणाले.

"आणि लग्नाचं?" त्यानं हळूच विचारलं.

"हो म्हणतेय ना... सही कर आधी."