गाई बसल्या म्हणजे बारा

"चल, गाईंमागं जाऊ," असं मामेभाऊ लटारू म्हणाला, तेव्हा गुलाबनं तोंड वाकडं केलं. तिच्या गडचांदूरला सिमेंटच्या कारखान्याचा भोंगा वाजला की अख्खं गाव पळायला लागायचं. इथं, गडचिरोलीच्या जंगलात मामाच्या गावी, दिवस म्हणजे नुसता लोळत पडलेला! सुटीचा आठवडाच झाला होता, पण तिला महिना वाटत होता.

नाल्याजवळ मात्र ती थबकली. सडकेसाठी फोडायच्या खडकावर लाल निशाण लागलं होतं. बाबा खाणीत कामाला, त्यामुळे लाल निशाण म्हणजे सुरुंग हे तिला पक्कं ठाऊक होतं. आणि खडकामागच्या टेकडीवर तर गिरजामामी गावातल्या बायांबरोबर विड्यांसाठी तेंदूपत्ता तोडत होती!

ठेकेदाराचे मुन्शी गुणवंतराव यांनी बारा वाजता बार उडेल असं गावात सांगितलं होतं. बाया तोवर उतरणार होत्या. बाया अजून वर आहेत हे सांगायला गुलाब धावत मुन्शींकडे गेली, तर त्यांनी घड्याळाचं मनगटच तिच्या नाकासमोर धरलं. बाराला पाच कमी.

"मुन्शीजी, अजून बारा नाई वाजले," लटारू शांतपणे म्हणाला. "गाई कुठी बसल्या अजून?"

मुन्शी पोट धरून हसले. त्यांचा गडी मात्र हळूच पुटपुटला की काल घड्याळाला चावी द्यायची राहिली, सकाळी मुन्शीजींनी अंदाजानंच काटे फिरवले.

टेकडीवर पोचायला वेळ नव्हता. गुलाब लटारूच्या कानाला लागली. त्यानं हाळी दिली आणि चाळीस गुरं खडकावर पसरली! मुन्शींनी काठी आपटली, घसा फोडला, पण गावाची गुरं उडवायची त्यांची छाती होईना.

बराच वेळ गेला. मग कुणी न हाकलता एक म्हातारी गाय खडकावरून उतरली आणि दूरच्या मोहाच्या सावलीत जाऊन बसली. मागोमाग सगळी बसली. त्याच सुमारास डोक्यावर पानांचे गठ्ठे घेतलेल्या बायांची रांग टेकडी उतरून येताना दिसली. ना भोंगा, ना घड्याळ! गुलाबनं मान वर केली, सूर्य थेट डोक्यावर होता. इथं वेळ थांबलेला नव्हताच, तिलाच तो दिसत नव्हता.

मग बार उडाला. धूळ बसल्यावर सगळे वर गेले. ज्या दगडावर बसून मामी गठ्ठे बांधत होती, त्यावर घागरीएवढा धोंडा येऊन पडला होता. मुन्शींची मान खाली गेली.

मामीनं त्या धोंड्यावरून हात फिरवला. मग दोघांना पोटाशी ओढून म्हणाली, "पोट्टेहो, आज तुमी मले घरी आणलं."