पडद्याआडची टकटक

मुलांनो, जरा डोळे मिटा. मातीच्या भिंतींची एक खोली आहे असं समजा. जमिनीवर नुकतंच कापलेलं गवत पसरलंय, शेगडीवर कॉफीचे दाणे तडतडतायत, आणि दुरून एक आवाज येतोय... वारा की माणसं, काही केल्या कळत नाही. भीती वाटली ना? लेन्सालाही वाटली होती. पण तिथवर जायचं, तर एक परदेशी मिस्त्री तिला कसा भेटला इथून सुरुवात करायला हवी.

लेन्साचं कॉफीचं दुकान इथिओपियात, अदिस अबाबाहून दक्षिणेला निघालेल्या मोठ्या रस्त्याकडेला. समोर चिनी मालकाचा बुटांचा कारखाना. तिथला मिस्त्री कुआंग एका दुपारी मोटारसायकल बंद पडली म्हणून घामाघूम होऊन तिच्या दारात आला. लेन्साने मातीच्या सुरईतून कॉफी ओतली. त्याने दोन बोटं वाकवून टेबलावर वाजवली — टक-टक.

"घाई असेल तर उठा," लेन्सा फणकारली. "हे काही तुमचं मशीन नाही, बटण दाबलं की कॉफी यायला!"

तो गोरामोरा झाला, आणि पहिला कप संपवून खरंच उठला. मग तर ती आणखीच चिडली. एका सुरईतून तीनदा कॉफी निघते, तिसरा कप आशीर्वादाचा असतो. तो न घेता कोण उठतं?

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा हजर. पुन्हा टक-टक. या वेळी लेन्साची सहा वर्षांची भाची किया कमरेवर हात ठेवून त्याच्यापुढे उभी राहिली. "ए चायना, आमच्या टेबलाला का मारतोस?"

"मारत नाही ग," तो मोडक्यातोडक्या भाषेत म्हणाला. "आमच्या गावी कोणी चहा ओतला की असं करतात. म्हणजे... आभार."

लेन्साचे कान तापले. "मग तोंडाने सांगायला काय झालं होतं?"

"सांगितलं असतं, तर तुम्ही रागावला नसता." त्याने हळूच वर पाहिलं. "आणि रागावल्यावर तुम्ही—"

"कॉफी गार होतेय!"

"पितो, पितो."

त्या दिवसापासून किया घरभर टकटकत फिरू लागली. जेवण वाढलं, टक-टक. वेणी घातली, टक-टक. "आत्या, तू हसतेस कशाला?" ती विचारायची.

पण हसता हसता लेन्साला धडकी भरायची. कारखान्याचं कुंपण उभं होतं ते तिच्या भावाच्या शेतावर. गादिसा, म्हणजे कियाचा बाप, तिथे टेफ पिकवायचा, आपल्या नाचणीहूनही बारीक दाण्याचं धान्य. सरकारी माणसं आली, जमीन मोजली, आणि उभ्या पिकात खांब रोवले गेले. त्याला कोणी विचारलंच नाही. आता गावातली तरणी पोरं चिडून एकत्र जमू लागली होती, आणि त्यांच्यात गादिसा पुढे होता.

"त्या चायनाला कॉफी पाजतेस म्हणे?"

"दारात येईल त्याला पाजते, दादा."

"पाज. पण उद्या काही झालं, तर मी मध्ये पडणार नाही. सांगून ठेवतो."

तेव्हापासून मोटारसायकलचा आवाज आला की लेन्सा आधी खुलायची, आणि लगेच रस्त्याच्या दोन्ही टोकांकडे पाहायची.

एका रविवारी कुआंग पायीच आला. "आज सुट्टी. तिसऱ्या कपापर्यंत हलणार नाही," असं म्हणून ऐटीत बसला. पहिला कप झाला, आणि रस्त्यावर काळा धूर उठला. टायर जळत होते. मग तो आवाज आला... वारा नव्हता तो.

कुआंग उठला. "मी जातो. तुमच्या घरावर काही नको यायला."

"कुठे जाल? दोन्हीकडून रस्ता अडवलाय." लेन्साने त्याला पडद्याआड, पोत्यांच्या आणि लाकडी पेटीच्या मधे ढकललं. "तिसरा कप राहिलाय," ती कुजबुजली. "तो घेतल्याशिवाय... मला सोडून जायचं नाही."

आपण काय बोललो हे तिच्या ध्यानात येईतो दार ढकललं गेलं. गादिसा होता, मागे काठ्या घेतलेली पोरं.

"तो इकडे आला होता?"

"कॉफी झालीय," लेन्सा म्हणाली. "आधी बसा."

ओतलेली कॉफी टाकून जाणं तिथे कोणालाच जमत नाही. ते पडद्याकडे पाठ करून, रस्त्यावर नजर ठेवून बसले. किया कप वाटू लागली. छपराखाली असेल त्या प्रत्येकाला कप द्यायचा, हे तिला आत्यानेच शिकवलं होतं. लेन्साने मान वर केली, तेव्हा किया रिकाम्या हाताने पडद्याआडून बाहेर येत होती.

आणि पडद्यामागून आवाज आला — टक-टक.

बिचाऱ्याची बोटं! भीतीने डोकं थिजलं होतं, हातांनी आपली सवय केली.

एका पोराने कप खाली ठेवला. "काय वाजलं?"

किया धावत त्याच्यासमोर गेली आणि टेबलावर बोटं आपटली. टक-टक! "कॉफी मिळाली की असं करतात. तू नाही केलंस!"

पोरगा हसला. गादिसा हसला नाही. त्याने लेकीच्या बोटांकडे पाहिलं, मग पडद्याकडे, मग पडद्याखालून दिसणाऱ्या बुटाच्या टोकाकडे.

गादिसाने कप रिकामा केला. "चला. इथे कोणी नाही."

दारात तो क्षणभर थांबला, मागे न वळता. "अंधार पडला की ओढ्याकडची वाट मोकळी असते," तो हळू म्हणाला. "आणि लेन्सा, माझं शेत मी विसरलेलो नाही."

तिसऱ्या कपाची कॉफी सुरईत तशीच राहिली होती. पांढराफटक पडलेला कुआंग बाहेर आला. लेन्साने ती त्याच्यासाठी ओतली. निम्मी बशीत सांडली.

"मी... परत येऊ?"

"ये. पण दारातून. दादाच्या समोर बसून कॉफी घ्यायची, आणि त्याच्या शेताचं तो बोलेल ते खाली मान न घालता ऐकायचं. जमेल?"

त्याने दोन बोटं तिच्या तळहातावर टेकवली, अगदी हलकेच. टक-टक. लेन्साने मूठ मिटली आणि त्याची बोटं आतच धरून ठेवली.

रस्त्यावर पुन्हा पावलं वाजली. कियाने दोघांकडे पाहिलं. ती बाहेर गेली, दार ओढून घेतलं, उंबऱ्यावर बसली, आणि अंधार पडेपर्यंत दोन्ही हातांनी दाराच्या फळीवर वाजवत राहिली — टक-टक, टक-टक — आतला कुठलाच आवाज कोणाला ऐकू जाऊ नये म्हणून.