आधी दोष सांगते

“कटर देऊ का? की लोकांनी एक्स-रे काढून पुस्तकं बघायची?”

मी मान वर केली. समोरच्या टेबलामागे एक बुकबाइंडर उभा होता. बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, बोटांना खळ लागलेली आणि चेहऱ्यावर असं हसू, की राग यायच्या आतच निघून जावा.

मग मी माझ्या टेबलाकडे पाहिलं. अरे देवा! जुनी पुस्तकं ऑनलाइन विकणारी बाई मी, हात आपोआप चालतात. प्रदर्शनात आणायचं एकूण एक पुस्तक नेहमीसारखं प्लास्टिकमध्ये गुंडाळून चिकटपट्टी मारून आणलं होतं. पुस्तक चाळून बघणारं गिऱ्हाईक मी कधी पाहिलंच नव्हतं, तर ते डोक्यात येणार कुठून?

“उघडणारच होते मी,” मी ठणकावून सांगितलं.

“हो, दिसतंच आहे,” म्हणत तो कटर घेऊन आलासुद्धा.

हरून चालणार नव्हतं मला. वहिनीला बाळ होणार होतं आणि माझ्या पुस्तकांनी भरलेली मागची खोली आता बाळाची होणार होती. उरलेली पुस्तकं रद्दीत घालायची, असं दादानं स्पष्ट सांगितलं होतं. “खोके रिकामे करूनच येते, बघ तू,” असं मी वहिनीला छातीठोकपणे सांगून निघाले होते.

पहिल्याच बाईंनी एक जाडजूड कादंबरी उचलली.

“आधी दोष सांगते,” मी म्हणाले. “शिवण सैल आहे, मलपृष्ठावर चहाचा डाग आहे आणि मधली काही पानं पिवळी पडलीत.”

बाईंनी कादंबरी हळूच खाली ठेवली. पुढच्या दोघांनीही तेच केलं.

“अहो, विकायला बसलाय की तक्रार नोंदवायला?” समोरून आवाज आला.

“मी ऑनलाइनसुद्धा हेच लिहिते. म्हणून माझं पुस्तक कुणी परत पाठवत नाही.”

“इथे तर कुणी नेतच नाही!”

मी डोळे वटारले... आणि मलाच हसू फुटलं.

नंतर एका आजोबांना मी शिवण सैल असल्याचं सांगत होते, तर हा मधेच म्हणाला, “द्या इकडे. तुमचा चहा होईपर्यंत घट्ट करून देतो.” आजोबा चहा पिऊन आले आणि पुस्तक घेऊन गेले. मग आमचं तंत्रच बसलं. मी दोष सांगायचा, त्यानं तो तिथल्या तिथे काढायचा. लोक नुसतं बघायलाही थांबू लागले आणि थांबले की एखादं पुस्तक उचलू लागले.

“प्रत्येक विक्रीनंतर फोनमध्ये काय बघता हो? कुणी वाट बघतंय वाटतं?” दुसऱ्या दिवशी त्यानं विचारलं.

“विकलेलं पुस्तक साइटवरून काढते. माझ्याकडे एकेकच प्रत असते. दुसऱ्या कुणी मागितली तर फजिती.”

“म्हणजे वाट बघणारं कुणी नाही.”

“तुम्हाला कशाला नसत्या चौकशा?”

“खळ वाळेपर्यंत वेळ असतो हो...”

त्यानं पुस्तक माझ्या हातात दिलं. खळ ओलीच होती, बोटं बोटांना चिकटली. सोडवायची घाई दोघांनाही नव्हती. तो मला आवडला होता – उगाच आढेवेढे कशाला घेऊ?

शेवटच्या संध्याकाळी हॉलमधले पंखे बंद होऊ लागले. पुस्तकं बरीच गेली होती, पण खोके काही रिकामे झाले नव्हते. रद्दीवाल्याचा तराजू डोळ्यांपुढे आला.

“माझ्या दुकानात एक भिंत रिकामी आहे,” तो जवळ येऊन म्हणाला. “ही सगळी मावतील. विक्री तिथूनच करा.”

मी डोळे पुसले. “आधी दोष सांगा.”

“सकाळचं ऊन येत नाही. खळीचा वास येतो. पावसाळ्यात दार फुगतं.”

“आणि मालक?”

त्यानं खळीचे हात पुसले. “मालक... बडबड्या आहे. गातो, पण सुरात नाही. आणि गेले काही दिवस स्वतःचं टेबल सोडून समोरच्याच टेबलाकडे बघतो.”

“हा काही दोष नाही.”

“अहो, कामं खोळंबलीत सगळी!”

“मालकाबद्दल आणखी कुणाची चौकशी आलीय का?” मी विचारलं.

“ताईनं माझा फोटो लग्नाच्या साइटवर टाकलाय,” तो चाचरत म्हणाला. “दोघी-तिघींनी विचारलंय. मी उत्तर नाही दिलं... अजून.”

मी शेवटच्या खोक्याला चिकटपट्टी मारली आणि तो दोन्ही हातांनी ढकलत त्याच्या टेबलापाशी नेऊन ठेवला.

“मग ताईंना फोन लावा, आत्ताच. म्हणावं, काढून टाक तो फोटो.”

“आणि कारण काय सांगू?”

“सांगा, एकच प्रत होती,” मी म्हणाले. “गेली.”